कादंबरीतली थोरली आणि आमच्या सासूबाई

मंडळी, आजची दुपार तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

सासूबाईंना आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून मी त्यांना एक जुनी कादंबरी वाचून दाखवते. आजच्या प्रकरणात वाटणीवरून अबोला धरलेली थोरली बहीण धाकटीला न भेटताच गेली.

सासूबाई ताडकन उठून बसल्या. "मेली? न भेटताच?"

"हो ना, आई."

"फोन लाव राजगुरुनगरला. माज्या शांतीला."

जमिनीच्या वादानंतर सासूबाईंच्या बहिणीचं, शांतामावशींचं, नावही घरात निघत नव्हतं. मी घाबरतच फोन लावला.

"शांते, जेवलीस का गं?" एवढंच सासूबाई बोलल्या आणि दोघीही रडू लागल्या.

मावशी रविवारी आमच्याकडे कुरुळीला येतायत. सासूबाईंचे आत्तापासूनच पुरणपोळीचे बेत चाललेत.

तुम्हाला कुठल्या कादंबरीनं असं जागचं हलवलंय?