गिझरमधला निखारा

घरमालकीण भागूबाई लाइटबिलाचा कागद घेऊन जिना चढून आल्या, तेव्हा बानाबाई न्हाणीच्या दाराशी बसून गिझरच्या लाल दिव्याकडे बघत होती.

"दिपाली, तीन माणसांचं एवढं बिल? खोलीत गिरणी टाकली का काय गं?"

"आमी एकेक बादली घेतो, काकू," बानाबाईची सून म्हणाली. "तुमचा गिझरच खराब हाय. नुसत्या वाफा येतात."

"घर माजं, पण पाणी तुमी तापवता. बिल तुमचंच."

गारखेड्यातली ही वरची खोली बानाबाईच्या मुलानं, भारतनं, दिवाळीत भाड्यानं घेतली. तो चिकलठाण्याला कंपनीत जातो. गुडघ्यांनी दगा दिला नसता तर बानाबाई इथं आलीच नसती. वैजापूरकडं कुणाच्या तरी रानात मेंढरांमागं असती. तिथं आता तिचा नवरा, सूर्यभान, एकटाच होता.

चाळीस वर्षं मुक्काम हलला, तीन दगडांची चूल हलली, पण बानाबाईनं निखारा विझू दिला नव्हता. राखेखाली झाकून ठेवायचा. माणूस मेंढरांमागून कधी परतेल याचा नेम नाही, आणि आला की भेगाळलेल्या पायांना कढत पाणी हवं. घमेल्यात पाय बुडवून सूर्यभान डोळे मिटायचा, आणि दिवसभर न बोललेलं सगळं तेव्हा बोलायचा. संक्रांतीआधी एक दिवस येतो, म्हणाला होता. संक्रांत होऊन आठवडा झाला.

"भांडू नका," बानाबाई म्हणाली. "बटन मी बंद करत नाय."



"कामून?" भागूबाईंनी विचारलं.

"हे येतील म्हणून."

"सांगून येत नाहीत का?"

"मेंढरं सांगू देतात व्हय?"

दिपालीनं कपाळाला हात लावला. "आत्याबाई, जिंकत आलेलं भांडण घालवलंत की."

भागूबाईंनी खालच्या गल्लीतल्या कडुबा वायरमनला बोलावलं. त्यानं झाकण उघडलं, टेस्टर लावला. आत बोअरच्या पाण्याचा पांढरा खार बोटभर साचला होता.

"पाणी तापलं की ह्यानं आपोआप बंद व्हायचं असतं," तो म्हणाला. "ह्याचा कट जळलाय. दिवसरात तापतंय. बटन चालू राहिलं ही आजीची चूक, पण बंद झालं नाय ही गिझरची."

"म्हंजे माजी," भागूबाई म्हणाल्या.

"मी कुठं तसं म्हणलो?"

"तू नाय म्हणलास. मी म्हणते."

त्या उंबऱ्यावर टेकल्या. बिलाची घडी करत, उलगडत राहिल्या.

"आमच्या रानात मेंढरं बसायची खतासाठी. लेंड्यांचा हिशोब करायचो आमी. मेंढक्याच्या पायाला पाणी कधी इचारलं नाय." मग उठत म्हणाल्या, "नवा मी बसवते. वाढलेलं बिल निम्मं माजं, निम्मं तुमचं. पण बाई, बटन बंद ठेवायचं."

दुपारी नवा गिझर बसला. पाणी तापलं आणि लाल दिवा आपोआप विझला.

"परत तापायला किती येळ?" तिनं कडुबाला विचारलं.

"पंधरा मिनटं, आजी."

ऊन उतरल्यावर दिपालीनं बानाबाईच्या फोनवरून नंबर लावून दिला. आधी बें-बें ऐकू आलं, मग सूर्यभान.

"अवो, कधी येता?"

"दोन मेंढ्या व्यायला झाल्यात. झाल्या की येतो."

"बरं. पण क्रांती चौकात उतरलं की फोन करा."

"कामून? घर ठाव हाय मला."

"तिथून इथं यायला पंधरा मिनटं लागतात."

त्याला काही उमगलं नाही. "करतो," म्हणाला.

पलीकडची मेंढरं ऐकू यायची थांबली तरी तिनं फोन कानापासून काढला नाही. मग न्हाणीच्या दाराबाहेर, गिझरच्या बटनाशेजारी, खिळ्याला एक कापडी पिशवी अडकवली आणि फोन त्यात ठेवला.