कार्बोरेटरला आलेला रॉकेलचा वास

माझ्या नोकरीतल्या एका तपासात पुरावा आरोपीने बिघडवला नव्हता, मी बिघडवला होता. एवढं एक वाक्य कागदावर उतरवायला मला कित्येक वर्षं लागली आणि त्याचाच आज सगळ्यात जास्त संताप येतो. मी स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे. आता कुणाला घाबरायचं कारण नाही. खरं तर तेव्हाही नव्हतं.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. कृष्णाकाठच्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. आमच्या हद्दीतल्या एका माळावर कोल्हापूरच्या एका कारखानदाराने मुरूम टाकून धावपट्टी केली होती आणि शेजारी पत्र्याची शेड उभारली होती. त्या शेडमध्ये त्याने स्वतःचं विमान बांधलं होतं. अॅल्युमिनियमच्या नळ्या, वर ताणलेलं कापड, एकाच माणसाची बैठक आणि पुढे जुन्या मोटारीचं इंजिन. इंजिनाचं सगळं काम उचगावच्या एका मिस्त्रीकडे होतं. माणूस चाळिशीचा, कमी बोलणारा. वर्कशॉप लहान, पण ज्या मोटारीपुढे बाकीच्यांनी हात टेकले ती शेवटी त्याच्या दारात यायची.

परतीचा पाऊस पडून गेल्यानंतरची दमट सकाळ होती. कारखानदार विमान घेऊन वर गेला, उसावरून दोन-तीन घिरट्या घातल्या आणि उतरण्यासाठी खाली येत असताना इंजिन बंद पडलं. विमान उसात कोसळलं. आम्ही पोचलो तेव्हा तो गेला होता. आकस्मिक मृत्यूची नोंद केली, पंचनामा केला आणि इंजिनाचा कार्बोरेटर काढून मुद्देमाल म्हणून ठाण्यात आणला.

तिसऱ्या दिवशी बातमी आली. कारखानदाराचा थोरला भाऊ एका माणसाला घेऊन ठाण्यात आला. तो माणूस माळाजवळच्या पेट्रोल पंपावर कामाला होता.

"अपघाताच्या आदल्या दिवशी मालकांचं आन मिस्त्रीचं लई वाजलं, साहेब," तो म्हणाला. "मिस्त्रीनं पाना आपटला आन तरातरा निघून गेला."

"कशावरून वाजलं?"

"ते काय ऐकू आलं न्हाय. पर त्याच दिशी सकाळी त्यानं रॉकेल न्हेलतं. कॅन भरून. माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

थोरल्या भावाने टेबलावर हात आपटला. "आता आनि काय पायजे तुम्हांला? माझ्या भावाच्या पेट्रोलात त्यानं रॉकेल घातलं. उचला त्याला!"

मी उठून मुद्देमाल खोलीत गेलो. कार्बोरेटर अजून कापडात बांधून सील व्हायचा होता. हातात घेऊन नाकाजवळ नेला. रॉकेलचा सणसणीत वास आला.

त्या क्षणी मला जो आनंद झाला, तो आठवला की आजही स्वतःची लाज वाटते. एक माणूस मेला होता, दुसऱ्याचं आयुष्य माझ्या हातात होतं आणि मला मात्र केस उघडकीस आल्याचा आनंद झाला होता.

मी स्वतः जीप घेऊन उचगावला गेलो. मिस्त्री एका ट्रॅक्टरखाली आडवा होता. त्याला बाहेर ओढलं आणि कॉलरला धरून भर रस्त्यातून जीपपर्यंत नेलं. गल्लीतली सगळी माणसं बाहेर आली. त्याची बायको हातातलं पीठ न पुसता मागे धावली. "काय केलंय त्यांनी? सांगा तर की!" मी त्याला जीपमध्ये ढकललं. रिमांड अर्जात 'कार्बोरेटरला रॉकेलचा वास आढळला' हे वाक्य मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं. दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्रात छापून आलं.

चौकशीत तो एकच गोष्ट सांगत राहिला.

"रॉकेल मी न्हेलतं, साहेब. पार्ट धुवायला. कुठला मिस्त्री न्हेत न्हाय? पेट्रोलात घातलं असतं तर इंजिनानं पांढरा धूर सोडला असता. उसातल्या माणसांस्नी इचारा, धूर दिसला का म्हणून."

"मग भांडण कशाचं?"

"पायपाचं. सायलेन्सरजवळनं गरम हवा कार्बोरेटरात न्ह्यायला मी पाइप बसवलता. मालकांनी तो काढून टाकला. वजन वाढतंय, ताकद कमी पडतीया म्हनले. मी म्हनलं, मालक, ह्या हवेत बिनपायपाचं उडू नगासा. कार्बोरेटरात बर्फ धरतोय."

खोलीतले सगळे हसले. मुद्देमाल सांभाळणारा आमचा हवालदार जरा फटकळ होता. तो म्हणाला, "बर्फ? हिथं माझा बनियन घामानं भिजलाय आन ह्येचं बर्फ! मिस्त्री, आइस्क्रीमची गाडी लाव की मग."

मीही हसलो. मिस्त्री हसला नाही. "हातावर पेट्रोल सांडलं तर गार लागतंय का न्हाय, साहेब? तसंच आत हुतंय. ओली हवा असली आन रेस कमी केली की..."

मी त्याला थोबाडीत मारली. त्याने पुन्हा तोंड उघडलं, मी पुन्हा मारली. हे कुठल्याही कागदावर नाही. म्हणून इथे लिहितो आहे.

कोठडीचे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी सकाळी मी ठाण्याच्या मागच्या अंगणात गेलो. हवालदार पत्र्याचा डबा घेऊन उकिडवा बसला होता. त्याच्यापुढे एका चोरीच्या मोटारसायकलचे सुटे भाग पसरले होते आणि तो ब्रशने एक-एक भाग घासत होता. डब्यात निळं रॉकेल होतं.

"हे काय चाललंय?"

त्याने वर पाहिलं. "मुद्देमाल धुतोय की साहेब. तुमचीच ऑर्डर न्हवं का?"

माझीच होती. आदल्या वर्षी वरिष्ठांची तपासणी झाली होती. मुद्देमाल खोलीत तेलाचे डाग आणि पेट्रोलचा वास पाहून ते माझ्यावर बरसले होते. त्यानंतर मी आदेश काढला. जप्त वाहनांचं पेट्रोल काढून टाकायचं, सुटे भाग रॉकेलने धुवून, पुसून, मगच खोलीत लावायचे. पुढच्या तपासणीत शेरा मिळाला, 'उत्तम'. त्या शेऱ्याचा मला फार अभिमान होता.

"ते विमानाचं..." मी विचारलं. "तो कार्बोरेटर?"

"त्यो बी धुतला की. लई चिखल हुता त्याला. खालच्या वाटीत जरासं पाणी-पेट्रोल साठलं हुतं, ते वतून दिलं."

त्या वाटीत काय होतं, हे आता कुणालाच कळणार नव्हतं. विमानाची टाकी उसात फुटून रिकामी झाली होती; पेट्रोल शुद्ध होतं की भेसळीचं, हे सांगणारी एकमेव गोष्ट आमच्या अंगणातल्या मातीत जिरली होती. आणि ज्या वासावर मी एका माणसाला खुनी ठरवलं, तो वास माझ्या ठाण्यातल्या डब्यातला होता. मला हवालदाराचा राग आला, पण तो पुरता एक मिनिटही टिकला नाही. त्याने माझंच ऐकलं होतं.

मी कोठडीपाशी गेलो. "बर्फ धरतो, हे दाखवू शकतोस?"

तो गजांपाशी आला. "शेडात तसलंच दुसरं इंजिन हाय. लोखंडी घोडीवर बसवलंय. सकाळची ओली हवा असताना चला."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याला माळावर नेलं. रात्री पाऊस झाला होता आणि उसावर धुकं तरंगत होतं. सोबत हवालदार आणि दोन पंच होते. पंचांपैकी एकाच्याच उसात विमान पडलं होतं. तो शेतकरी सुरुवातीपासून कुरकुरत होता, "माझा ऊस तुडवलासा, आता माझा दिवस बी घालवा."

शेडच्या कोपऱ्यात एक वाकडा पाइप पडलेला होता. मिस्त्रीने तो पायानेच दाखवला. "ह्योच. मालकांनी काढला तसा पडलाय."

मग त्याने बेड्या घातलेले हात पुढे केले. "ह्ये काढा. रेस धरता येत न्हाय."

बेड्या काढल्या. त्याने इंजिन चालू केलं. आवाज एकसारखा, गोल. थोडा वेळ पूर्ण रेसवर ठेवून त्याने ती कमी केली, विमान खाली उतरवताना करतात तशी. आम्ही उभे राहिलो. पाच मिनिटं गेली. हवालदाराने जांभई दिली. आणखी काही मिनिटं गेली आणि कार्बोरेटरच्या खालच्या नळीवर दव धरलं. मग ते दव पांढरं होऊ लागलं.

"हात लावा, साहेब," मिस्त्री म्हणाला.

मी बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. माझ्या पाठीवर घाम होता आणि बोटाच्या टोकाला बर्फाचा चुरा होता. हवालदाराने तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं, पण त्यात आइस्क्रीम नव्हतं.

तेवढ्यात इंजिनाचा आवाज बदलला. भक, भक, मध्येच खंड. मिस्त्रीने रेस वाढवली, तसं ते गुदमरलं आणि बंद पडलं.

शेतकरी पुढे धावला. "ह्योच! ह्योच आवाज, साहेब! त्या दिशी माझ्या डोक्यावर असंच भकभकलं, मालकांनी रेस दिली वाटतं, आन मग गपच झालं. धूर न्हाय, काय न्हाय."

मिस्त्री खाली बसला. "थांबा घटकाभर," तो म्हणाला. थोड्या वेळाने नळीवरचं पांढरं वितळलं आणि थेंब थेंब खाली ठिबकलं. "तुम्ही उसात पोचलासा तवा ह्येचं असं पाणी झालतं. मी कुठनं दाखवणार व्हतो?" मग त्याने तो वाकडा पाइप उचलला, क्लॅम्प आवळले आणि इंजिन पुन्हा चालू केलं. तेवढाच वेळ, तीच कमी रेस. आवाज एकदाही तुटला नाही. मिस्त्री रडत होता, हे मला त्याने इंजिन बंद केल्यावर कळलं. पाइप काढू नका म्हणून ज्याने भांडण केलं, त्याचं कुणी ऐकलं नव्हतं. आधी मालकाने नाही, नंतर मी नाही.

आता माझी खरी चूक सांगतो. आधीचा निष्काळजीपणा होता, ही मी शुद्धीत केली.

मी त्याला सोडलं. अहवालात लिहिलं, 'आरोपीविरुद्ध पुरेसा पुरावा नाही.' रॉकेल आमच्याच ठाण्यातलं होतं, हे लिहिलं नाही. मुद्देमाल धुण्याचा आदेश गुपचूप रद्द केला. वर्तमानपत्राला काही कळवलं नाही. थोरला भाऊ ओरडत आला, "किती घेतलंसा त्याच्याकडनं?" तेव्हा त्यालाही खरं सांगितलं नाही. माझा 'उत्तम' शेरा शाबूत राहिला आणि पुढे बढतीही झाली.

'पुरेसा पुरावा नाही' या तीन शब्दांचा लोक काय अर्थ लावतात, हे पोलिसाला चांगलं ठाऊक असतं. केलं असणार, सापडलं नाही, एवढाच. मी ते जाणून लिहिलं.

नोकरी सोडल्यावर एकदा उचगावच्या बाजूने जात असताना माझी स्कूटर बंद पडली. कोपऱ्यावरच्या पानपट्टीवाल्याला विचारलं, जवळपास चांगला मिस्त्री कोण?

"पावणं, फुडल्या गल्लीत जावा की. रॉकेलवाला मिस्त्री इचारा, कोन बी सांगंल."

"रॉकेलवाला का म्हणतात?"

"लई वर्सं झाली त्याला. इमानात रॉकेल घालून मालकाला मारला म्हनत्यात. सुटला. पर हात झकास हाय त्येचा." असं म्हणून तो हसला आणि पानाला चुना लावायला लागला.

मी स्कूटर ढकलत घरी आणली. त्याच्याकडे जायचं धाडस झालं नाही. आठवडाभर जेवण गोड लागलं नाही. ते नाव मी ठेवलं होतं, माझ्या अक्षरात, रिमांड अर्जात. माणूस बिचारा तेच नाव अंगावर घेऊन लोकांच्या गाड्या दुरुस्त करत होता.

इतक्या वर्षांच्या नोकरीतून मी काय शिकलो, असं लोक विचारतात. मी एवढंच शिकलो की पोलिसाने सगळ्यात आधी स्वतःचे हात हुंगावेत. आरोपीचे हात हुंगायला सगळेच तयार असतात.

आठवड्याने मी गेलो. तो आता साठीकडे झुकला होता. केस पांढरे, चष्म्याला दोरी. त्याने मला लगेच ओळखलं. हातातला पाना खाली ठेवला आणि हात पुसले.

"या साहेब. आत बसा."

आत स्टुलावर बसून मी त्याला सगळं सांगितलं. अंगण, डबा, माझा आदेश, अहवालातलं वाक्य. तो मान खाली घालून ऐकत होता. मी हात जोडले आणि हळू आवाजात म्हणालो, "मिस्त्री, मला माफ करा."

"हितं न्हाय," तो म्हणाला.

मला कळलं नाही.

"मला हितनं न्हेला न्हवता, साहेब. तिथनं न्हेला." त्याने रस्त्याकडे बोट केलं. "कॉलरला धरून. समदी गल्ली बघत हुती. म्हनायचं आसंल तर तिथं म्हना."

मी उठलो. दुपारचे चार वाजले होते. समोरच्या किराणा दुकानात गिऱ्हाईक होतं, पानपट्टीवाला कोपऱ्यावर होता, दोन बायका पाण्याच्या घागरी घेऊन येत होत्या. मिस्त्रीची बायको दारात येऊन उभी राहिली. तिने मला ओळखलं. ज्या जागी जीप उभी केली होती, त्या जागी जाऊन उभा राहिलो आणि ठाण्यात हजेरी घ्यायचो तशा मोठ्या आवाजात बोललो.

"मी निवृत्त पोलीस अधिकारी आहे. या मिस्त्रींना याच रस्त्यावरून मी धरून नेलं होतं. त्यांनी विमानात रॉकेल घातलं नव्हतं. रॉकेल माझ्या ठाण्यातलं होतं. मला ते पाचव्या दिवशीच कळलं होतं आणि मी ते लपवलं. यांना मी मारलं. यांनी काहीही केलेलं नव्हतं. मिस्त्री, वहिनी, मी तुमचा गुन्हेगार आहे. मला माफ करा."