साडूंच्या नकाशातले टेकाड

ठाणे जिल्ह्याच्या मध्ययुगीन संरक्षणाची जबाबदारी सध्या एकट्या आमच्या साडूंवर आहे. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी ठाकुर्लीच्या फ्लॅटमध्ये लॅपटॉप घेतला, त्यात उपग्रहाने मोजलेल्या जमिनीच्या उंच्या भरल्या आणि कुठल्या किल्ल्यावरून काय दिसते ते रंगवायला बसले. पहारेकऱ्याला दिसेल ते हिरवे, न दिसेल ते लाल. आमची सोसायटी लाल निघाली. तेव्हापासून ते आमच्याकडे चहा पितात तोही भिंतीला पाठ टेकवून. "साडूभाऊ, शत्रू तुमच्या जिन्यापर्यंत येईल, गडावर पत्ता लागणार नाही." गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना काही विचारावे, असे मी एकदा सुचवले. "माणूस विसरतो, फेकतो. उंची खोटं बोलत नाही."

याच उंचीने त्यांना बाळकुमला, दोन टॉवरच्या मधल्या मोकळ्या प्लॉटवर, एक टेकाड दाखवले. कल्याणपलीकडच्या डोंगरी किल्ल्यावरून थेट हिरवे. म्हणजे खाडीवरची चौकी! तीन वर्षांच्या नकाशात एवढाच दुवा कमी होता. पण प्लॉट सोमवारी सपाट होणार होता. जागेचे मालक मूळचे बाळकुमचेच. साडू पिच्छा सोडेनात, तेव्हा ते म्हणाले, "काका, इथनं किल्ला दिसतो ते दाखवा, जेसीबी थांबवतो."

म्हणून रविवारी, अडुसष्टाव्या वर्षी, दुखरा गुडघा बांधून साडू दाढीचा आरसा घेऊन किल्ल्यावर चढले आणि मी मालकांबरोबर टेकाडावर उभा राहिलो. चार वाजता त्यांनी आरशाने ऊन इकडे पाडायचे ठरले होते. चार वाजले, साडेचार झाले. फोन लागेना. टॉवरची सावली आमच्या पायांपर्यंत आली. मला आता चौकीची नव्हे, त्या गुडघ्याची काळजी लागली.

"एकटेच गेलेत?" मालकांनी विचारले. "या वयात कशाला जाऊ दिलंत हो?"

पावणेपाचला धुरकट माथ्यावर काहीतरी लकाकले. विझले. पुन्हा लकाकले. ठरल्याप्रमाणे तीनदा. मी चक्क उडी मारली. मालकांनी सुस्कारा सोडला.

"राहू द्या टेकाड," ते म्हणाले. मग जरा थांबून, "पलीकडच्या टॉवरचा पाया खणला ना, त्याची माती आहे ही. मीच टाकून घेतलेली."

तेवढ्यात फोन वाजला. साडू धापा टाकत होते. "दिसलं का हो?"

मी मालकांकडे पाहिले. त्यांनी ओठांवर बोट ठेवले.

"दिसलं," मी म्हणालो.

टेकाडावर आता गवत आले आहे. साडूंनी स्वतः रंगवलेला बोर्डही आहे: 'ऐतिहासिक चौकी. येथे माती टाकू नये.'