फॉर्मवरची मूळव्याध

"मॅडम, तेवढा एक शब्द काढा की रिपोर्टातनं."

काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या माणसाचं नाव संपत. हातात आमच्याच सेंटरचा एमआरआय रिपोर्ट आणि बोट 'ट्यूमर' या शब्दावर. पेशंट त्याचे दाजी, महादेवराव. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत इंजिनाचे तयार कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, तपासून पास-नापास करायचं त्यांचं काम. "दाजींना इंग्लिश वाचाय येतंय. घरात आम्ही सगळ्यांनी मूळव्याधच सांगितलीया. परवा ऑपरेशन हाय. तवर तरी कळाय नको."

राजारामपुरीत रेडिओलॉजिस्ट म्हणून माझी एकोणीस वर्षं झाली. असल्या विनवण्या मला नव्या नाहीत. रिपोर्ट म्हणजे काय आमटी आहे, नको तो कढीपत्ता वेचून बाजूला टाकायला? असं मी त्याला म्हणाले, तसा तो ओशाळला. पण माझं लक्ष वेगळ्याच शब्दावर अडलं होतं. परवा ऑपरेशन? मग बायोप्सी झाली का, असं विचारलं. झाली होती, दहा दिवसांपूर्वी. गुदाशयाचा कॅन्सर निघाला होता. आणि आमच्या रिपोर्टाच्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, 'बायोप्सी करून घ्यावी.' म्हणजे रिपोर्ट लिहिणाऱ्याला यातलं काही माहीतच नव्हतं.

मी आत जाऊन फाइल उघडली. स्कॅन शनिवारचा. त्या दिवशी मी इचलकरंजीला भाचीच्या लग्नात होते, म्हणून रिपोर्ट बाहेरच्या एका डॉक्टरांनी घरी बसून कॉम्प्युटरवर दिलेला. सर्जनच्या फॉर्मवर मोजकं लिहिलेलं : मूळव्याध, ओटीपोटात दुखणं, एमआरआय पेल्व्हिस. कॅन्सरमधला क सुद्धा नाही. टेक्निशियनने मग ओटीपोटाचा नेहमीचा साधा स्कॅन केला होता, जाड आणि सरळ कापांचा.

आता यात एवढं बिघडलं काय, ते सांगते. गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा वीतभर भाग. त्याच्याभोवती चरबी असते आणि त्या चरबीभोवती एक पातळ पापुद्रा. सगळं मिळून एक पुडकं समजा. सर्जन ऑपरेशनमध्ये ते पुडकं न फाडता बाहेर काढतो. गाठ पुडक्याच्या आत असली तर काम सोपं. पण ती पापुद्र्याला जाऊन टेकली असेल, तर सुरी गाठीतूनच फिरते आणि थोडा कॅन्सर आत राहतो. तो परत उगवतो, आणि दुसऱ्यांदा उगवलेला काढणं महाकर्मकठीण. अशा पेशंटला आधी रेडिएशन आणि केमो देतात, गाठ आकसू देतात आणि मग ऑपरेशन करतात.

आधी काय आणि नंतर काय, हे एमआरआय बघून ठरतं. त्यासाठी काप पातळ घ्यावे लागतात. शिवाय आतडं जिथे जसं वळलंय तिथे त्याला बरोबर आडवे घ्यावे लागतात. काकडी तिरकी कापली की साल आहे त्यापेक्षा जाड दिसते, तसंच हे. शनिवारच्या कापांत पापुद्रा धड दिसतच नव्हता. गाठ त्याला टेकलीय की लांब आहे, ब्रह्मदेवाला सुद्धा सांगता आलं नसतं. आणि परवा महादेवरावांना टेबलावर घेणार होते.

सर्जनला फोन लावला. अभिजीत त्याचं नाव. आमच्याच कॉलेजचा, मला बराच ज्युनिअर, हाताला गुण असलेला पोरगा. तो निवांत होता. म्हणाला, मॅडम, सीटी स्वच्छ आहे, लिव्हरमध्ये काही नाही, फुप्फुसात काही नाही, तुमच्या रिपोर्टात पण पसरल्याचं काही नाही.

"माझ्या रिपोर्टात नाही, कारण कुणी ते बघितलंच नाही," मी म्हणाले. "फॉर्मवर मूळव्याध कुणी लिहिली?"

मग सगळं बाहेर आलं. महादेवरावांची बायको आणि मेव्हणा त्याच्या केबिनमध्ये हात जोडून रडत होते. फॉर्म पेशंट स्वतः घेऊन येणार, रस्त्यात वाचणार. म्हणून त्याने मूळव्याध लिहिली. मला फोन करून खरं काय ते सांगणार होता, पण ओपीडीच्या गर्दीत राहून गेलं. राहून गेलं!

"पेशंटपासून लपवलंस ते एक वेळ समजू शकते मी," मी म्हणाले. "माझ्यापासून कशाला लपवलंस?"

उद्या सकाळी परत स्कॅन करा, बघून ठरवू, एवढंच तो म्हणाला.

माझा राग काही उतरेना. तो मग टेक्निशियनवर निघाला. सुरेश माझ्याकडे अकरा वर्षं आहे. एवढी गाठ समोर दिसत असताना मला फोन करता आला नाही का, म्हणून मी त्याला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाला, "मॅडम, गाठ दिसली होती मला. पण पेशंट समोर, मेव्हणा शेजारी. इथं तो शब्द तोंडातनं काढायचा न्हाय, हे तुम्हीच सांगितलंय. विचारणार कुणाला आणि कसं?"

झालं. नियम माझाच होता. काही वर्षांपूर्वी एक बाई काउंटरवर तो शब्द ऐकून जागेवरच कोसळल्या होत्या, तेव्हापासूनचा. आमच्याकडे कॅन्सर म्हणत नाहीत, 'तसलं' म्हणतात. "तसलं हाय काय ओ मॅडम?" "तसलंच वाटतंय." मीही म्हणते. चांगला स्कॅन फुकट घालवायला आम्ही सगळे दयाळू लोक एकत्र आलो होतो, आणि त्यात मी सगळ्यात पुढे.

बुधवारी सकाळी महादेवराव आले. पन्नाशी ओलांडलेले, उंच, शर्टाच्या खिशात पेन आणि छोटी स्टीलची पट्टी. परत स्कॅन कशाला, हे संपतने त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं : फोटो हलला. मी इंजेक्शनची माहिती द्यायला लागले. आतड्याची हालचाल थोडा वेळ थांबावी म्हणून ते देतात. महादेवरावांनी मला मध्येच थांबवलं आणि संपतला चहा आणायला पाठवलं.

"मॅडम, मूळव्याधीचा तुकडा काढून तपासायला पाठवत न्हाईत, एवढं कळतंय मला," ते म्हणाले. "बायकोला, शालनला, वाटतंय मला ठाऊक न्हाय. वाटू दे. ती रडली की मला बघवत न्हाय. पण तुम्ही कागदावर तरी खरं लिवा. कास्टिंगात ब्लोहोल असलं, म्हंजे आत हवेची पोकळी, तर आम्ही त्येच्यावर लाल पट्टा मारतो. पास लिहून गाडीत भरत न्हाय. घातलं तर इंजिन फुटतंय की."

माझी चूक झाली, मी म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि मशीनवर जाऊन झोपले. पाऊण तास तसूभर हलले नाहीत.

स्कॅन मी स्वतः शेजारी उभी राहून करून घेतला. गाठ पुढच्या बाजूने पापुद्र्याला जाऊन टेकली होती. मध्ये एक मिलिमीटर सुद्धा जागा नव्हती. गुरुवारी ऑपरेशन झालं असतं तर सुरी त्या गाठीतूनच गेली असती. मी अभिजीतला बोलावून पडद्यावर दाखवलं. त्याने बराच वेळ बघितलं, गुरुवार रद्द केला, आणि त्या संध्याकाळी स्वतः महादेवरावांना आणि त्यांच्या बायकोला समोरासमोर बसवून खरं सांगितलं. दोघं रडली म्हणे. मग शालनताईंनी विचारलं की रेडिएशनला रोज यायला लागेल का. म्हणजे जो भूकंप व्हायचा म्हणून आम्ही सगळे घाबरलो होतो, तो असा झाला.

पुढे रेडिएशन, केमो, परत स्कॅन. गाठ आकसून पापुद्र्यापासून मागे सरली होती. अभिजीतने ऑपरेशन केलं, पुडकं न फाडता. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात कडा स्वच्छ आल्या, म्हणजे कापलेल्या जागी कॅन्सर उरला नव्हता. काही महिने महादेवरावांच्या पोटावर शौचाची पिशवी होती, तीही निघाली. आता ते परत कामावर जातात.

कामावर रुजू झाल्यावर ते एकदा सेंटरवर येऊन गेले. जाताना टेबलावर फौंड्रीतला लाल रंगाचा जाड मार्कर ठेवून गेले. तो आता सुरेशकडे असतो. ज्या फॉर्मवर खरा आजार लिहिलेला नाही, त्यावर तो लाल पट्टा मारतो आणि फॉर्म परत जातो. पेशंटला कळू द्यायचं नसेल तर सर्जनने मला फोन करून खरा फॉर्म थेट सेंटरवर पाठवावा, पण खोटा फॉर्म मशीनवर चढत नाही. शहरातल्या अर्ध्या सर्जनांना वाटतं की या बाईचं डोकं फिरलंय.

गेल्या महिन्यात एक फॉर्म असाच परत गेला. 'पोटात दुखणं', बाकी काही नाही. पंधरा मिनिटांनी अभिजीतचा फोन. मॅडम, माझ्या फॉर्मवर पट्टा? मी म्हणाले, हो, तुझ्याच. त्याने नवीन फॉर्म पाठवला. या वेळी पूर्ण लिहिलेला.