अजीज पिंजाऱ्याचा दाणा

राघूला बोलतं करायचं म्हणजे पिंजऱ्यापुढं बसून 'मिठू मिठू' ओरडायचं, असा आमच्याकडं समज. नाही बोलला तर मिरची चारायची, तरी नाही बोलला तर उपाशी ठेवायचं. राघूच्या जागी मी असतो तर कडाडून चावलो असतो. आखाडा बाळापूरच्या भागात या बाबतीत अक्कल असलेला एकच माणूस मी पाहिला, तो म्हणजे अजीज पिंजारी.

अजीजभाई कापूस पिंजायची कमान खांद्यावर टाकून गावोगाव हिंडायचे. ज्या घरी गाद्या भरायच्या, त्या घरच्या अंगणात दोन-चार दिवस ठाण मांडायचे. बोलके इतके की कापसापेक्षा गप्पाच जास्त उडायच्या. त्यांच्या स्वतःच्या राघूच्या पिंजऱ्याला दारच नव्हतं. तो सकाळी उडून जायचा आणि अजीजभाईंनी तळहात पुढं केला की येऊन बसायचा.

निजामाच्या राज्यातली, चाळीस-बेचाळीसच्या सुमाराची ही गोष्ट. माझी चुलती गोजरबाई हिची एकुलती लेक शकू पटकीनं गेली. मागं तिचा राघू राहिला. शकू विहिरीवरून पाणी घेऊन आली की दारातून हाक द्यायची, "आये, आले गं." राघूनं ती हाक हुबेहूब तिच्याच आवाजात उचलली होती. शकू गेली आणि त्याचं बोलणंच थांबलं. दिवसभर नुसता किंचाळायचा, हात घातला की रक्त काढायचा. चुलते ग्यानबाकाका वैतागून म्हणाले, दसऱ्यापर्यंत हा गप झाला नाही तर आंब्यावर सोडून देईन. पंख कापलेला राघू तिथं मांजराच्या तोंडी जाणार, हे सगळ्यांना कळत होतं. काकूची तर लेक दुसऱ्यांदा जाणार होती.

त्याच दिवसांत अजीजभाई आमच्याकडं गाद्या भरायला आले. राघू किंचाळला की काकू हातातलं काम टाकून दाणे घेऊन धावायची. अजीजभाईंनी दिवसभर हे पाहिलं आणि संध्याकाळी विचारलं, "बाई, ह्याला वरडायला कोणी शिकवलं, ठावं हाय का?"

"कोणी?"

"तुमीच. वरडला की दाणा. त्याचा हिसाब बराबर हाय."

काकूला राग आला. "लेकरू वरडून राहिलं, आन् मी काय बघत बसू?"

"त्याला भूक न्हाई, माणूस पायजे. वरडला की पाठ फिरवा. गप बसला की तवाच दाणा द्या. उशीर केला तर काहून दिला, ते त्याला कळत न्हाई."

पाठ फिरवणं काकूला फार जड गेलं. चुलीकडं तोंड करून ती रडायची, पण वळायची नाही. पहिले काही दिवस राघूनं घर डोक्यावर घेतलं. मग हळूहळू त्याच्या ध्यानात आलं की गप बसलं की माणूस जवळ येतं. पुढं तो काकूच्या बोटावरही बसायला लागला, न चावता.

आता शकूची हाक परत शिकवा, म्हणून काकूनं गळ घातली. अजीजभाईंनी कानाला हात लावले. "ती हाक कोणीच म्हणायची न्हाई. तुमी बी न्हाई. त्यानं आपला आवाज उचलला तर पोरीचा जाईल. पोटात असंल तर तोच काढंल. काढला की दाणा."

आणि तेव्हापासून हा बडबड्या माणूस आमच्या अंगणात मुका झाला. पिंजऱ्यावर नजर राहावी म्हणून दुसऱ्यांचा कापूसही आमच्याकडंच आणून पिंजायचा, राघूला कापसाची भुरी लागू नये म्हणून लांब बसायचा, आणि सगळं बोलणं हातवाऱ्यांनी. लोक हसायचे, बायकोनं जीभ काढून ठेवली म्हणायचे. मला मात्र त्या माणसाचा फार अभिमान वाटायचा. परक्याच्या लेकीचा आवाज जपायला आपला आवाज गिळणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

एवढा सावध माणूस, पण कमानीचं काही त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. एक दिवस कमान बाजूला पडलेली आणि पिंजऱ्यातून तिच्या तारेचा आवाज आला, टंव्, टंव्. अजीजभाईंचा चेहरा पडला. त्यांनी काकूला हातानंच बजावलं, ह्याला दाणा नाही. काकूनं कधी दिला नाही, आणि राघूनं तो आवाज सोडून दिला.

दसरा तोंडावर आला. संध्याकाळी काकू विहिरीवरून आली, उंबऱ्याशी घागर टेकवली, आणि आतून शकू म्हणाली, "आये, आले गं."

काकू जागच्या जागी थिजली. अजीजभाई तोंडावर पदर धरावा तसा पंचा धरून दुसऱ्या हातानं दाण्यांच्या वाटीकडं बोट दाखवत होते. काकूनं दाणा दिला. काकांनी आंब्याचा विषय पुन्हा काढला नाही. उलट तेच शेंगा फोडून वाटी भरून ठेवायला लागले.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात अजीजभाई तापानं गेले. काकू त्यांच्या घरी जाऊन त्यांच्या बायकोपाशी, कमरजहाँभाभीपाशी बसून आली. भिंतीवर कमान तशीच टांगलेली होती म्हणाली.

त्यानंतर थोड्या दिवसांनी भर दुपारी काकू ओसरीत तूर निवडत होती. मी शेजारी आडवा झालो होतो. तेव्हा सोडून दिलेला, इतक्या वर्षांत पुन्हा एकदाही न काढलेला आवाज राघूनं काढला. टंव्, टंव्.

काकू सूप टाकून उठली आणि लगेच, जराही उशीर न करता, तिनं त्याला दाणा दिला.