नदीसाठी निवडलेला मंद ऑप-अँप

"पिन टू पिन सेम आहे, मॅडम. जुना काढायचा, हा बसवायचा." पर्चेसच्या विनायकने नव्या आयसीची, म्हणजे चिपची, पट्टी माझ्या टेबलावर ठेवली. मागोमाग आमचे मालक प्रभुगावकर सर आले. "स्नेहा, संध्याकाळपर्यंत ओके दे. पावसाआधी सगळे सेन्सर नदीत उतरायला हवेत."

डिचोलीतल्या आमच्या कारखान्यात पुराचा इशारा देणारी यंत्रं बनतात. नदीच्या तळाशी पाण्याचा दाब मोजणारा सेन्सर असतो. त्याचा सिग्नल अगदी क्षीण. तो मोठा करून लांब केबलमधून काठावरच्या पेटीत पाठवणारी, सेन्सरसोबत पाण्याखालीच असणारी चिप म्हणजे ऑप-अँप. पाणी ठरावीक खुणेवर चढलं की पेटी भोंगा वाजवते. ही ऑर्डर इब्रामपूर आणि हळर्ण या नदीकाठच्या गावांसाठी होती. हळर्ण माझं माहेर. आणि आम्ही वर्षानुवर्षं वापरत असलेला ऑप-अँप कंपनीने बंद केला होता.

नव्याची डेटाशीट, म्हणजे कंपनीने दिलेला माहितीचा कागद, वाचली. जुन्यापेक्षा कितीतरी वेगवान, करंटही कमी खाणारा. बोर्डावर बसवला, हातभर वायर जोडली. रीडिंग अचूक आलं.

"झालं ना?" सर म्हणाले.

"सर, साइटवर केबल हातभर नसते. स्टोअरमधला केबलचा अख्खा ड्रम जोडून बघते."

"केबल म्हणजे तांबं. त्यात काय बघायचं?"

कारखान्याच्या मागे आमचा पाण्याने भरलेला उंच उभा पाइप आहे. त्यात सेन्सर सोडला की नदीची पातळी घरच्या घरी तयार होते. तिथे ड्रम नेऊन जोडला. पाइपात पाणी होतं तेवढंच होतं, पण मीटरवर पातळी चढलेली दिसायला लागली. ऑसिलोस्कोप लावला. सिग्नलचा आलेख दाखवणारं हे यंत्र. तिथे सरळ रेघ दिसायला हवी होती, दिसला दाट थरथरता पट्टा.

सरांना बोलावून समजावलं. लांब केबल थोडा चार्ज धरून ठेवते. वेगवान ऑप-अँप तो भरायला धावतो, पुढे जातो, मागे येतो, पुन्हा धावतो. याला ऑसिलेशन म्हणतात. जुना मंद होता, म्हणून शांत राहायचा.

"आउटपुटला रेझिस्टर टाक," सर म्हणाले.

"टाकला तर थांबेल. पण बोर्ड छापून आलेत. प्रत्येकावरची तांब्याची रेघ कापून जोडलेला रेझिस्टर पाण्याखाली टिकेल, असं मी लिहून देणार नाही."

"मग पार्टीला काय सांगू? उशीर होतोय म्हणून?"

"उशीर सांगा. आभाळ कोरडं असताना भोंगा दोनदा वाजला, तर तिसऱ्यांदा हळर्णचे माझे काकासुद्धा घराबाहेर येणार नाहीत."

जाताना सर विनायकला म्हणाले, "तिला हवे ते सॅम्पल मागव."

सॅम्पल आले. एक गरम पाण्यात रीडिंग बदलायचा, तो बाद. एक केबलवर थरथरला, तोही बाद. शेवटी एक मंद, थोडा महाग ऑप-अँप मिळाला. अख्खा ड्रम जोडला, बर्फाच्या पाण्यात ठेवला, गरम पाण्यात ठेवला. रेघ हलली नाही. विनायक डेटाशीट बघून म्हणाला, "मॅडम, हा तर अगदीच स्लो."

"नदी मायक्रोसेकंदात चढत नाही रे," मी म्हटलं.

सेन्सर थोडे उशिरा, पण पावसाआधी उतरले. त्या पावसाळ्यात एका दुपारी हळर्णहून काकांचा फोन आला. "बाये, भोंगो वाजलो, तसे पंप वर काढले, गुरां सोडली. पाणी मागीर इला." म्हणजे भोंगा आधी, पाणी नंतर.

मी फोन ठेवला आणि थेट सरांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं. त्यांनी त्याच वेळी पार्टीला फोन लावला. "आमच्या स्नेहाने तेव्हा ओके दिलं नव्हतं, म्हणून आज भोंगा वेळेत वाजला," असं ते माझ्यासमोर म्हणाले. मी बाहेर येऊन टेस्ट बेंचवर नुसतीच बसून राहिले. त्या दिवशी दुसरं काही काम झालं नाही.

आता आमच्याकडे कुठलाही बदली पार्ट आला की आधी केबलचा ड्रम बाहेर निघतो. पार्ट किती चांगला आहे ते डेटाशीट सांगते. आपल्या कामाला चांगला आहे का, ते जोडून बघावं लागतं.