उसातले दोनशे पंधरा चेंडू

बाळासोमामांच्या नावावर मारलेली लाल काट मी बालवाडीत शिकवायला जाता जाता पाहिली आणि तिथंच थांबले.

समाजमंदिराच्या भिंतीला पप्पूनं एक कागद डकवला होता, दौंडच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये छापून आणलेला. दोन हजार चार सालची गोष्ट. चैत्रातल्या यात्रेचे सामने पंधरा दिवसांवर आले होते आणि आमच्या राहूच्या संघाचा नवा कप्तान पप्पू होता. कागदावर खेळाडूंची नावं आणि नावापुढं दोन आकडे. पहिला बॅटिंगच्या सरासरीचा, म्हणजे एकदा बाद व्हायच्या आत माणूस किती रन करतो. दुसरा बोलिंगचा, म्हणजे एक विकेट काढायला किती रन देतो. पहिला मोठा असलेला बरा, दुसरा लहान असलेला बरा. खाली पप्पूनं नियम लिहिला होता: ज्याचा पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा कमी, तो ऑलराउंडर नाही. ऑलराउंडर म्हणून त्याला यंदा संघात जागा नाही.

बाळासो कोळपे. बॅटिंग बारा, बोलिंग पंधरा. काट.

आणि हे आकडे माझ्याच घरातून गेले होते. माझे अब्बा, महबूबभाई, गावात कपडे शिवायचे आणि अठ्ठ्याऐंशी सालापासून संघाचा स्कोर लिहायचे. त्यांच्या डोळ्यांनी साथ सोडली तसं ते काम माझ्याकडं आलं. माझं माहेर-सासर एकाच आळीत, त्यामुळं बाईमाणूस मैदानावर कशाला, असं कुणी म्हटलं नाही. सतरा वर्षांच्या वह्या आमच्या पत्र्याच्या पेटीत. पप्पूनं मागितल्या, मी दिल्या. महिनाभर खपून त्यानं सगळं कॉम्प्युटरवर चढवलं. पोरगा कष्टाळू, खोट्यातला नाही. मी तावातावानं गेले तर शांतपणे म्हणाला, "गुलशनताई, मामांचा मान हाय मला. पण मानावर टीम काढली की हारतो आपण. आन् आकडं तुमच्याच वह्यांतलं हायती."



साऱ्या गावाचेच मामा ते, तेव्हा एकोणचाळीसचे. कोळप्यांच्याकडं मेंढरं होती तोवर त्यांचं घर पाठीवर असायचं. मामा दहा वर्षांचे असताना त्यांच्या वडिलांनी राहूत जमीन धरली आणि कळप मोडला. पुढं मामा कारेगावला कंपनीत लागले, प्रेस मशीनवर. आठवडाभर तिथं खोलीवर राहायचे. सामना असला की शिरूरवरून एसट्या बदलत, पोत्यात गुंडाळलेली बॅट घेऊन गावात हजर. मामी म्हणायच्या, माझ्या भावाच्या लग्नाला ह्यांना रजा मिळत नाही, पण न्हावऱ्याची मॅच आली की ह्यांना ताप येतो.

डाव्या हातानं हळू बोलिंग टाकायचे, बॅटही डावीच. सबंध संघात तेवढे एकच डावरे. सहाव्या नंबरला खेळायला निघाले की स्कोरच्या टेबलाशी क्षणभर थांबायचे आणि विचारायचे, "किती लागत्यात?" बस, एवढंच. माझे किती झाले, असं सतरा वर्षांत त्यांनी ना अब्बांना विचारलं, ना मला.

त्या शनिवारी ते आले, कागद वाचला, चष्मा खिशात ठेवला. म्हणाले, "बराबर हाय की. लिवल्यालं हाय ते." आणि पोत्यातली बॅट काढून पप्पूच्या हातात दिली. पोरांना होईल म्हणाले. मला ते बघवेना.

सोमवारी पहाटे फजरची नमाज झाली आणि मी पेटी उघडली. कॉम्प्युटर चुकला असेल, पप्पूचं बोट चुकलं असेल, काहीतरी सापडेल म्हणून. अब्बा बाजेवर बसले होते. काय शोधतेस, म्हणाले. मी म्हटलं, चूक. कुणाची, माझी का? आणि हसले. कापड चुकेल, बेरीज चुकायची नाही. मग मी त्यांना मामांचे आकडे सांगितले. एकशे त्रेचाळीस डाव, त्यातले चौदा वेळा नाबाद, रन पंधराशे अठ्ठेचाळीस. सरासरी बारा.

अब्बांनी मान माझ्याकडं वळवली. "उसातलं धरून का सोडून?"

मी पहिली वही पुन्हा पुढ्यात ओढली.

आमचं मैदान म्हणजे गायरान, आणि त्याच्या एका बाजूला साहेबरावांचा ऊस. पहिल्याच वर्षी चेंडू शोधायला पंधरा पोरं उसात घुसली, तेव्हा साहेबराव काठी घेऊन आले होते. अब्बांनीच तोड काढली. उसात चेंडू गेला की कितीही लांब जावो, दोनच रन. मग कुणी मुद्दाम तिकडं मारायचं नाही. चेंडू तिथंच राहू द्यायचा, नवा घ्यायचा, आणि सामना संपल्यावर एका माणसानं जाऊन सगळे आणायचे. तो माणूस म्हणजे अब्बा, आणि त्यांच्या मागं फ्रॉकमधली मी. किती चेंडू शोधायचे ते कळावं म्हणून उसातल्या दोनाभोवती अब्बा बारीक गोल काढायचे, बॅटिंगच्या रकान्यात आणि बोलिंगच्याही. पुढं मीही तसंच काढत आले. हाताला इतकं वळण पडलेलं की त्या गोलात काय आहे याचा विचारच कधी केला नाही. आणि पप्पूच्या कॉम्प्युटरला गोल दिसत नव्हते. त्याच्यासाठी दोन म्हणजे दोन.

आमच्याकडं सगळी बोलिंग एकाच टोकाकडून होते. त्यामुळं ऊस कायम एकाच बाजूला, डावऱ्या माणसाचा जोराचा फटका जातो त्या बाजूला. उजव्यानं जोरात मारलेला चेंडू मोकळ्या रानात पडतो, त्याला सहा. मामांनी तसाच मारलेला उसात, त्याला दोन!

बालवाडीतल्या चिंचोक्यांची पिशवी आणली. एका गोलाला एक चिंचोका अब्बांच्या ओंजळीत. ते बोटांनी चाचपून दहादहाचे ढीग करत होते. नव्वद सालच्या वहीपर्यंतच चाळीस झाले. माझा चहा तसाच निवला, तिकडं बालवाडीची पोरं येऊन परत गेली. शेवटची वही मिटली तेव्हा दोनशे पंधरा चिंचोके.

दोनशे पंधरा वेळा दोनाऐवजी सहा, म्हणजे आठशे साठ रन जास्तीचे. एकूण दोन हजार चारशे आठ. सरासरी अठरा पूर्णांक सदुसष्ट. पंधरापेक्षा कितीतरी वर! मी वही उराशी धरून पायताण न घालताच समाजमंदिराकडं निघाले.

पप्पूनं माझी बेरीज दोनदा तपासली. आजूबाजूला माणसं जमली. साहेबरावही काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. पप्पूच्या तोंडावर आनंदच दिसला, पण मग तो म्हणाला, "ताई, न्याय दोन्हीकडं सारखा पायजे. मामांच्या बोलिंगवर उसात गेल्यात त्येंचंबी सहा धरा."

त्याचं म्हणणं खरं होतं. आणि मामांची बोलिंग हळू, लोक पुढं येऊन हाणायचे ते सगळ्यांनी पाहिलेलं. पप्पूनं तिथल्या तिथं हिशोब केला: असे एकशे छप्पनपर्यंत निघाले तर मामा ऑलराउंडर, त्याच्यावर एक जरी निघाला तरी काट कायम.

घरी येताना मनात आलं, बोलिंगची पानं कोण बघायला येतंय? दहा-वीस गोल सोडले तर कुणाला कळणार? लगेच लाज वाटली. वह्या म्हणजे अब्बांची अमानत, आणि वर बघणारा एक आहेच. बिस्मिल्ला म्हणून चिंचोके पुन्हा पिशवीत भरले. या वेळी पप्पूही समोर येऊन बसला. एक वही तो बघायचा, एक मी. पहिल्या तीन वह्यांत एकोणीस. पंच्याण्णव सालच्या एकाच सामन्यात पाच निघाले. अब्बा मात्र गालात हसत होते.

शेवटी सत्तावन्न. फक्त सत्तावन्न.

मी परत मोजले. सत्तावन्नच. उजव्या माणसाला उसाकडं मारायचं तर उलट्या बाजूला मारावं लागतं, आणि मामा चेंडू असा पायात टाकायचे की त्याला तिकडं वळताच येऊ नये. बोलिंगची सरासरी सोळा पूर्णांक तेहतीस. बॅटिंगची अठरा पूर्णांक सदुसष्ट. बाकीच्यांचंही तसंच मोजलं, कुणाचंच फार हललं नाही.

पप्पू उठून गेला. संध्याकाळी भिंतीवर नवा कागद होता. मामांची बॅट तो स्वतः कारेगावला नेऊन देऊन आला.

यात्रेची फायनल शिरूरच्या संघाशी. गुलाल, पिपाण्या, झाडांवर बसलेली माणसं. मामांनी दोन ओव्हर टाकून एक विकेट काढली. मग आमची बॅटिंग आली आणि बघता बघता पाच गेले. मामा निघाले, टेबलाशी थांबले.

"किती लागत्यात?"

"एकवीस चेंडूंत तीस, मामा."

मान हलवून गेले. एक-दोन, एक-दोन करत ओढत नेलं. शेवटचा चेंडू उरला, लागत होते दोन, समोर मामाच. उसाकडं मुद्दाम कोण मारतंय, म्हणून शिरूरच्या कप्तानानं मोकळ्या रानाकडं सहा माणसं लावली. पप्पू दोरीबाहेरून ओरडत होता, मामा, रानाकडं टाका, सिक्स मारा. मामांनी पिचवरून माझ्याकडं पाहिलं आणि दोन बोटं वर केली. मी होय म्हणून जोरजोरात मान डोलावली.

चेंडू आला, मामांनी गुडघा टेकला आणि तो सरळ साहेबरावांच्या उंच वाढलेल्या आडसाली उसात भिरकावून दिला. शिरूरची माणसं बांधावर उभी राहून बघत राहिली. पंचानं दोन बोटं दाखवली. दोन!

जिंकलो आम्ही. पोरांनी मामांना उचललं, टोपी कुठं, चष्मा कुठं. खाली उतरल्यावर पप्पूनं विचारलं, मुद्दाम तिकडं मारला का?

"मग?" मामा धापा टाकत म्हणाले. "उसात गेला की दोन पक्कं. पळाया नगं, कोण अडवाया न्हाई. दोन लागत असत्यात तवा सहाला कशाला हात घालायचा?"

पप्पू माझ्याकडं बघायला लागला आणि मी त्याच्याकडं. त्या दोनशे पंधरांतले कितीतरी असेच असणार. म्हणजे त्यांना सहा धरणारा माझा हिशोबही चुकलाच होता, आणि पप्पूचा बारा-पंधराचा तर मुळातच. किती लागतात, याचा रकाना आमच्या एकाही वहीत नव्हता.

मी दोन लिहिले, त्याभोवती गोल काढला. शेजारी अब्बांनी विचारलं, "आज किती हायती उसात?"

"चार."

आणायला मी उठणार तोच पप्पू चपला काढून उसात शिरला. बांधावरून साहेबराव काठी उगारून म्हणाले, एकट्यानंच जा, आन् चार घेतल्याबिगर बाहेर येऊ नको.